अमेरिकेत सरकारी नोकरीसाठी पॉलिग्राफ चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफबीआय, सीआयए किंवा सीमा गस्तीसारख्या खात्यात अर्ज केला, लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, की एके दिवशी "पॉलिग्राफसाठी अमुक तारखेला हजर राहा" असा मेल येतो. पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरलं जाणारं यंत्र. तिथून पुढे उमेदवार रात्र-रात्र जागून नको ते वाचत बसतो. खालची उत्तरं अशा उमेदवारांसाठी आहेत. यंत्राला चकवायचं कसं, हे इथे सापडणार नाही. चाचणी कशी चालते, कुठे बिघडते आणि आपल्याच तोंडाने आपलं नुकसान कसं होतं, हे सापडेल.

कोणत्या नोकऱ्यांना ही चाचणी लागते?

सीआयए, एनएसए (इलेक्ट्रॉनिक हेरगिरीची संस्था) आणि एफबीआय यांच्याकडे ती सर्वांनाच लागते. एफबीआयमध्ये तर बंदूक बाळगणारा एजंट आणि हिशेब तपासनीस दोघांनाही त्याच खुर्चीत बसावं लागतं. सिक्रेट सर्व्हिस, डीईए (अमली पदार्थविरोधी खातं) आणि एटीएफ (दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं यांचं खातं) यांच्या एजंटांना लागते. कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, म्हणजे सीबीपी, या खात्यात कायदा-अंमलबजावणीच्या पदांसाठी ती कायद्यानेच सक्तीची आहे. जानेवारी २०११ मध्ये सही झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने ती सक्ती आली. डीआयए, एनआरओ, एनजीए या संरक्षण गुप्तचर संस्थांमध्ये पदानुसार मर्यादित किंवा पूर्ण चाचणी होते.

टपाल, करखातं, विमानतळावरची तपासणी अशा बहुसंख्य सरकारी नोकऱ्यांना पॉलिग्राफ नाही. 'टॉप सिक्रेट' क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, हवा म्हणजे पॉलिग्राफ आलाच, असंही नाही. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, ती ओळ आधी शोधा.

खासगी कंपन्यांना बंदी आहे ना? मग सरकारला मुभा कशी?

१९८८ च्या एम्प्लॉयी पॉलिग्राफ प्रोटेक्शन अ‍ॅक्टने बहुतेक खासगी मालकांना ही चाचणी घ्यायला मनाई केली. त्याच कायद्याने केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांना मात्र सरळ वगळलं. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला या खुर्चीत बसवलं तर तो बहुधा कायदा मोडणारा ठरेल, सरकारने बसवलं तर तो निवडीचा टप्पा.

भारतातल्या सरकारी भरतीत हे असतं का?

यूपीएससी किंवा एमपीएससीच्या निवडीत असा टप्पा नाही. भारतात पॉलिग्राफचा विषय येतो तो गुन्ह्याच्या तपासात. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय ती घेता येणार नाही असं ठरवलं. यापुढचं सगळं अमेरिकेबद्दल आहे.

मी नकार दिला तर?

देऊ शकता. चाचणी कागदोपत्री ऐच्छिक आहे, सुरुवातीला संमतीपत्रावर सही घेतात, आणि मध्येच उठून जायलाही कोणी अडवत नाही. फक्त अर्ज तिथेच थांबतो. नोकरी हवी असेल तर हा नकार नावापुरताच उरतो.

चाचणी कोणत्या टप्प्यावर येते?

साधारणपणे सशर्त नेमणूकपत्र मिळाल्यानंतर. त्याच सुमारास वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमीची चौकशीही सुरू असते. त्याआधी तुम्ही एसएफ-८६ हा राष्ट्रीय सुरक्षेचा लांबलचक फॉर्म भरलेला असतो, किंवा त्या खात्याचा स्वतःचा. परीक्षकासमोर तुमचा हाच फॉर्म असतो. हे पुढे पुन्हा येईल, कारण सगळी मेख इथेच आहे.

प्रश्न कशावर असतात?

दोन प्रकार आहेत. मर्यादित चाचणीत फक्त हेरगिरीविरोधी विषय येतात: हेरगिरी, घातपात, दहशतवाद, गुप्त माहिती बाहेर देणं, परदेशी व्यक्तींशी लपवलेले संबंध, सरकारी संगणक यंत्रणेचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. पूर्ण चाचणीत यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी येतात: गंभीर गुन्हे, अमली पदार्थ आणि फॉर्ममध्ये दिलेली खोटी माहिती. लोक हिला 'लाइफस्टाइल' म्हणतात. त्या नावामुळे उमेदवारांना वाटतं की आपलं सगळं खासगी आयुष्य उकरून काढणार. तसं नाही. धर्म, राजकीय मतं, कामगार संघटनेचं सदस्यत्व अशा गोष्टी उकरून काढणं हा या चाचणीचा विषय नाही.

बहुतेकांना घाम फुटतो तो हेरगिरीच्या प्रश्नांनी नाही. अमली पदार्थ आणि फॉर्म, हे दोन विषय खरे अवघड जातात.

यंत्र नेमकं काय मोजतं?

खोटं मोजत नाही. शरीराच्या तीन-चार हालचाली मोजतं.

छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक लवचिक पट्टा बांधतात, त्यातून श्वासाची लय कळते. दोन बोटांना धातूच्या पट्ट्या किंवा चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावतात, त्यातून घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल टिपला जातो. दंडावर रक्तदाबाचा पट्टा असतो. शिवाय खुर्चीच्या बैठकीखाली, आणि बरेचदा पायाखालीही, हालचाल पकडणारं पॅड असतं. काही ठिकाणी बोटाच्या टोकाला नाडीची क्लिपही लावतात. हे सगळं लॅपटॉपवर रेघांच्या रूपात सरकत जातं.

यात गुण देताना घामाच्या रेघेचं वजन सर्वांत जास्त. घाम लपवता येत नाही म्हणून नव्हे, तर भीती, आश्चर्य, राग, आठवण, काहीही मनात आलं तरी ती रेघ उसळी घेते म्हणून. अडचणही तिथेच आहे: उसळी आली एवढं यंत्राला कळतं, का आली ते कळत नाही.

त्या दिवशी खोलीत काय काय होतं?

तीन-चार तास मोकळे ठेवा, काही ठिकाणी त्याहून जास्त लागतात. त्यातला यंत्र लावलेला वेळ तासाभराच्या आसपास असतो. बाकी सगळं बोलणं.

पहिला भाग पूर्वमुलाखतीचा. ओळखपत्र, संमतीपत्र, तब्येतीची चौकशी. खोलीत कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण असणार असं धरूनच चाला. मग परीक्षक यंत्र समजावून सांगतो आणि तुमच्या फॉर्ममधला एकेक विषय घेऊन गप्पांच्या सुरात विचारत जातो. शेवटी जे प्रश्न यंत्रावर विचारले जाणार आहेत ते शब्दशः वाचून दाखवतो. यंत्रावर अचानक नवा प्रश्न येत नाही. एखादा शब्द कळला नाही तर आत्ताच विचारा. 'गंभीर गुन्हा' म्हणजे काय? 'परदेशी संपर्क' यात मावशी मोडते का? नंतर पट्टा फुगल्यावर या शंकेने श्वास अडला तर त्याची नोंद तुमच्या विरोधात जाईल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पूर्वमुलाखतीत तुम्ही काही सांगितलंत, समजा कॉलेजात असताना दोनदा दुकानातून वस्तू उचलली, तर परीक्षक प्रश्नाची शब्दरचना बदलतो: "तुम्ही मला सांगितलेलं सोडून, तुम्ही कधी चोरी केली आहे का?" आता तुम्ही मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकता. हा बदल होण्यासाठी गोष्ट आधी बाहेर यावी लागते. मनात ठेवून 'नाही' म्हटलं, तर प्रत्येक फेरीत तीच आठवण वर येणार.

दुसरा भाग यंत्राचा. आधी बहुधा एक सरावाची फेरी होते: एका कागदावर आकडा लिहायला लावतात आणि त्याबद्दल मुद्दाम खोटं बोलायला सांगतात. मग खऱ्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत साधारण दहाएक प्रश्न, दोन प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंदांची शांतता. फेरी चार-पाच मिनिटांची, मग पट्ट्यातली हवा सोडतात, थोडी विश्रांती, आणि तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने पुन्हा. किमान तीन फेऱ्या होतात. समोर भिंत, पाय जमिनीवर, हात खुर्चीच्या हातांवर, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. तिसऱ्या फेरीपर्यंत पट्ट्याखालचा हात जड पडतो, बोटांना मुंग्या येतात. ते नेहमीचं आहे. फेरी संपल्यावर हात झटका, मध्ये नाही.

तिसरा भाग नंतरच्या मुलाखतीचा. रेघा स्वच्छ असतील तर तो दोन मिनिटांत आटोपतो. नसतील तर खरी कसोटी इथेच सुरू होते. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

"तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याशी कधी खोटं बोललास का?" असले प्रश्न कशासाठी?

हे तुलनेचे प्रश्न. मूळ तर्क असा: प्रामाणिक माणूस अशा ढोबळ प्रश्नावर जास्त अस्वस्थ होतो, कारण ठाम 'नाही' म्हणणं कुणालाच जमत नाही, आणि लपवणारा माणूस हेरगिरीसारख्या नेमक्या प्रश्नावर जास्त अस्वस्थ होतो. परीक्षक शेजारच्या दोन प्रश्नांवरच्या उसळ्या ताडून पाहतो आणि उणे तीन ते अधिक तीन असे गुण देतो. काही चाचण्यांत तुलनेचा प्रश्न उघडपणे सांगूनच विचारतात: "यावर मुद्दाम खोटं उत्तर द्या."

हे माहीत असणं गुन्हा नाही. परीक्षकाने "पॉलिग्राफबद्दल काही वाचलंय का?" असं विचारलं तर "हो, थोडं वाचलंय" हे सरळ उत्तर पुरेसं आहे. "छे, काहीच नाही" असं म्हणणं मात्र मूर्खपणाचं. चाचणीचं पहिलंच खोटं तुम्ही फुकट बोलून बसता.

मी मुळातच घाबरट आहे. नुसत्या धडधडीने नापास होईन का?

सर्वसाधारण धडधडीने नाही. तुमचा ठोका पहिल्या मिनिटापासून ९५ असेल तर तो सगळ्याच प्रश्नांना ९५ असतो, आणि गुण पडतात ते प्रश्नागणिक पडणाऱ्या फरकाचे. त्रास होतो तो एखाद्या ठरावीक प्रश्नाचीच धास्ती असणाऱ्याला. नात्यातलं कुणी व्यसनाने गेलं असेल, तर अमली पदार्थांच्या प्रश्नाला निर्दोष माणसाचीही रेघ उसळते. असा काही संदर्भ असेल तर पूर्वमुलाखतीतच सांगावा.

मग ही चाचणी विश्वासार्ह आहे की नाही?

नोकरीच्या चाळणीसाठी पुरेशी नाही, असं अमेरिकेच्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने म्हटलं आहे. तिचा अहवाल २००३ चा. एका ठरावीक घटनेबद्दल विचारताना, म्हणजे अमक्या दिवशी अमकी तिजोरी फोडलीस का असं विचारताना, यंत्राला चकवण्याचा सराव नसलेल्या लोकांवर पॉलिग्राफ अंदाजपंच्यापेक्षा बराच चांगला चालतो, पण अचूकतेपासून दूरच राहतो, असा तिचा निष्कर्ष होता. भरतीत मात्र ठरावीक घटना नसते. 'कधी काही गंभीर केलंय का' एवढाच मोघम प्रश्न असतो.

त्या अहवालातलं एक काल्पनिक गणित प्रत्येक उमेदवाराने डोळ्यांखालून घालावं. १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर. दहापैकी आठ हेर पकडायचे म्हणून यंत्राची चाळण बारीक केली, तर एकूण १,६०६ जण नापास होतात. त्यातले १,५९८ निर्दोष. उलट निर्दोषांना वाचवायचं म्हणून चाळण मोठी ठेवली, तर नापास होतात फक्त ४१, पण त्यात हेर दोनच. उरलेले आठ आरामात पास. चोर दुर्मीळ असला की कुठल्याही कच्च्या चाळणीचं असंच होतं.

प्रत्यक्षातली उदाहरणंही आहेत. सीआयएमध्ये राहून सोव्हिएत संघाला माहिती विकणारा आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्या पार करून गेला. तो पकडला गेला १९९४ मध्ये. डीआयएमधली क्यूबाची हेर आना मोंटेस हीदेखील चाचणी उत्तीर्ण झाली होती. दुसऱ्या टोकाला सीबीपी: २०१७ च्या सुमारास तिथे जवळपास दोन-तृतीयांश उमेदवार याच टप्प्यावर गळत होते. ते सगळे लबाड होते असं मानायला मन धजत नाही.

मग सरकार ही चाचणी ठेवतं का? कारण लोक त्या खुर्चीत बसून कबुली देतात. यंत्रापेक्षा यंत्राच्या धाकाने निघणारी माहिती खात्यांना जास्त मोलाची वाटते. हे एकदा कळलं की तयारी कशाची करायची तेही कळतं: रेघांची नाही, बोलण्याची.

तयारी करायची तर नेमकी काय?

फॉर्मची. एसएफ-८६ वर राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या दहा वर्षांच्या मागतात, अमली पदार्थ आणि परदेशी संपर्क साधारण सात वर्षांचे, आणि काही प्रश्नांना 'कधीही' अशी मुदत असते. प्रत्येक प्रश्नाची मुदत वेगळी आहे, ती वाचूनच उत्तर द्या. जमा केलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात दोनदा शांतपणे वाचा.

वाचताना चुकलेलं, राहिलेलं काही आठवलं तर ते ताबडतोब तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. हे पॉलिग्राफच्या खोलीत जाऊन सांगण्यापेक्षा कितीतरी बरं. तेच वाक्य आधी सांगितलं तर 'दुरुस्ती' ठरतं, पट्टा लावल्यावर सांगितलं तर 'कबुली' ठरतं. क्लिअरन्सचे निकष २०१७ पासून 'सीड ४' या केंद्र सरकारच्या निर्देशात आहेत. त्यात कोणी विचारण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती ही बाजू हलकी करणारी बाब मानली आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर तो केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एका कागदावर तारखा, आकडे आणि नावं लिहून पाहा. 'तीन-चार वेळा' असं फॉर्ममध्ये आणि 'पाच-सहा वेळा' असं तोंडी, एवढ्यावरून उमेदवार अडकले आहेत. नक्की आठवत नसेल तर दोन्हीकडे एकच अंदाज द्या आणि तो अंदाज आहे असं म्हणा. तो कागद खोलीत मात्र नेऊ नका.

ऑफिसातून घरी आणलेली पेनं, शाळेतली कॉपी, भावंडांची मारामारी यांची यादी करत बसू नका. विचारलं तर सांगा, पण त्यासाठी कुणाची नोकरी जात नाही.

गांजा ओढला होता, तोही कायदेशीर असलेल्या राज्यात. सांगायचं?

हो. राज्याने परवानगी दिली, दुकानातून पावती घेऊन विकत घेतला, तरी केंद्रीय फॉर्मवर तो लिहावाच लागतो. पण लिहिणं म्हणजे बाद होणं नव्हे. एफबीआयचा नियम २०२१ पासून अर्जाआधीच्या एका वर्षात गांजा घेतलेला नसावा असा आहे, पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. इतर बेकायदा पदार्थांना तिथे दहा वर्षांची मुदत आहे. इतर खात्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. मुदतीत बसत नसाल तर मुदत भरेपर्यंत अर्ज पुढे ढकला. तारीख पुढेमागे सरकवून सांगू नका. गांजापायी जितके बाद होतात, त्याहून वाईट अवस्था गांजा लपवणाऱ्यांची होते, कारण पहिल्याला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, दुसऱ्यावर 'अप्रामाणिक' असा शिक्का बसतो.

माझे नातेवाईक भारतात आहेत. त्यावर प्रश्न येतील का?

येतील. नातेवाईक असणं ही अडचण नाही, न सांगणं ही आहे. ज्यांच्याशी जवळचा आणि सततचा संपर्क आहे ते सगळे लिहा: दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारी आत्या, सुट्टीत ज्याच्याकडे उतरता तो चुलतभाऊ. त्यांच्यापैकी कुणी सैन्यात, पोलिसात किंवा सरकारी खात्यात असेल तर तेही. तिथलं बँक खातं, मुदत ठेव, फ्लॅट हे परदेशी आर्थिक हितसंबंधांत मोडतं. लोक हमखास विसरतात तो सातबाऱ्यावरचा वाटा. आजोबांच्या जमिनीवर वारस म्हणून तुमचं नाव लागलेलं असू शकतं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. घरी फोन करून विचारून घ्या.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, पण ते असल्याचं लपवण्यातही अर्थ नाही. जिथे परदेशाकडून मिळणाऱ्या सवलतींबद्दल विचारतील तिथे सांगा. जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला हाताशी असू द्या. आणि या नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही.

औषधं चालू आहेत, दिवस गेले आहेत, सर्दी झाली आहे. काय करावं?

डॉक्टरांनी दिलेलं औषध चाचणीसाठी बंद करू नका. नाव आणि मात्रा लिहून न्या. गरोदरपणात बहुतेक ठिकाणी चाचणी पुढे ढकलतात, म्हणून आधीच कळवा. खोकला किंवा ताप असेल तर तारीख बदलून मागा: प्रत्येक खोकल्याला श्वासाची रेघ तुटते आणि फेरी वाया जाते. दंडाला दुखापत असेल तर पट्टा दुसरीकडे बांधता येतो, पण तुम्ही बोलल्याशिवाय ते कुणाला कळणार नाही.

आदल्या रात्री आणि सकाळी?

झोप. नेहमीचा नाश्ता, नेहमीचा चहा-कॉफी, जास्त नको आणि एकदम बंदही नको. दंड मोकळा होईल असे ढिले कपडे. थंडीत हात गारठलेले असतील तर बोटांची रेघ नीट उठत नाही, तेव्हा थोडं आधी पोहोचा. यंत्रावर बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या; हे किरकोळ वाटतं, पण चुळबूळ ही हालचाल-पॅडवर सरळ उमटते.

श्वास रोखणं, जीभ चावणं, बुटात खिळा. या युक्त्या चालतात का?

उमेदवारासाठी हा सौदा तोट्याचाच. केंद्रीय परीक्षक साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सन इथल्या सरकारी केंद्रात शिकतात आणि अशा युक्त्या ओळखणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो. मोजून घेतलेला श्वास रेघेवर करवतीच्या दात्यांसारखा एकसारखा दिसतो; घाबरलेल्या माणसाचा श्वास तसा नसतो. युक्ती पकडली गेली, किंवा नुसता संशय आला, तरी 'हेतुपुरस्सर असहकार' अशी नोंद होते आणि ती नापास होण्यापेक्षा वाईट. खरंच काही लपवायचं नसलेली माणसंही नेटवर वाचून श्वास मोजायला लागतात आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

अशा युक्त्या शिकवणाऱ्यांवर खटले झाले आहेत. २०१५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका माजी पोलिसाला दोन वर्षांची कैद झाली. लपवाछपवी करणार असं सांगणाऱ्या लोकांना, म्हणजे प्रत्यक्षात वेषांतरातल्या अधिकाऱ्यांना, त्याने शिकवलं होतं.

परीक्षक म्हणाला, "या प्रश्नावर काहीतरी अडतंय." आता?

सर्वांत जास्त नुकसान या क्षणी होतं, म्हणून जरा सविस्तर.

हे वाक्य दोन कारणांनी येतं. एक, रेघ खरोखर उसळली आहे. दोन, उसळली नाही किंवा स्पष्ट नाही, आणि परीक्षक चाचपून पाहतो आहे. तुम्हाला फरक कळण्याचा मार्ग नाही, आणि कळायची गरजही नाही. दोन्ही वेळेला उत्तर एकच: खरंच काही राहिलं असेल तर तेवढंच, नेमकं सांगा, नसेल तर "मी सगळं सांगितलं आहे, यापेक्षा जास्त काही नाही" असं शांतपणे म्हणा आणि गप्प बसा.

गप्प बसणं जमत नाही, तीच खरी गोम. परीक्षक मायेने बोलतो: तरुणपणी सगळेच करतात, मन मोकळं करा, आपण हे मिटवून टाकू. मग लांब शांतता. ती शांतता भरून काढायला उमेदवार अंदाज बांधायला लागतो. "कदाचित मित्राने पार्टीत दिलेल्या गोळीमुळे असेल, ती कसली होती मला माहीत नाही." झालं. आत्तापर्यंत फक्त उसळी होती, आता कागदावर 'अज्ञात अमली पदार्थ घेतल्याची कबुली' आली. निर्णय घेणाऱ्यांसाठी नुसत्या रेघेपेक्षा तोंडून निघालेली माहिती फार जड असते.

म्हणून अंदाज नको, 'कदाचित' नको, परीक्षकाला खूश करण्यासाठी शोधून काढलेला गुन्हा नको. आणि वादही नको. "तुमचं यंत्र बोगस आहे" असं म्हणून कुणाचा निकाल सुधारलेला नाही. फेरी चालू असताना एखादी जुनी गोष्ट खरंच आठवली, तर ठरलेलं उत्तर द्या, हलू नका आणि फेरी संपताच सांगा. परीक्षक प्रश्न दुरुस्त करून पुन्हा घेऊ शकतो.

गंभीर गुन्ह्याची कबुली, विशेषतः मुलांवरच्या अत्याचाराची, पोलिसांकडे जाते. त्या खोलीत वकिलासारखी किंवा डॉक्टरसारखी गुप्तता नाही.

निकाल कसा लागतो?

भरतीच्या चाचण्यांत साधारण तीन शेरे असतात: लक्षणीय प्रतिसाद नाही, लक्षणीय प्रतिसाद आहे, आणि मत देता येत नाही. पहिला म्हणजे पास. तिसऱ्यावर बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. परीक्षकाचं मत अंतिम नसतं. रेघा वेगळ्या गुणवत्ता तपासणीकडे जातात. त्यामुळे खोलीतून निघताना परीक्षक हसला किंवा नाही हसला, यावर रात्र काढू नका.

नापास झालो. दाद मागता येते का?

मर्यादित. १९८८ मध्ये नौदल विभाग विरुद्ध ईगन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्लिअरन्स मिळणं हा कुणाचा हक्क नाही असं म्हटलं आणि न्यायालयांनी त्यात फारसं पडू नये असं ठरवलं. सशर्त नेमणूकपत्र मागे घेतलं तर बरेचदा एका परिच्छेदाचं पत्र येतं.

तरी दोन गोष्टी करा. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, विचारलेले प्रश्न, तुमची उत्तरं, वेळा आणि परीक्षकाने वापरलेले शब्द तारखेसह लिहून काढा. मग खात्याला सभ्य पत्र पाठवा: काय कबूल केलं नाही ते स्पष्ट लिहा आणि पुन्हा चाचणीची विनंती करा. काही ठिकाणी ती मिळते, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली स्वतःची फाइल मागता येते. महिने लागतात, आणि बराच मजकूर काळा केलेला येतो.

वकील घ्यायचा तर क्लिअरन्सची प्रकरणं चालवणाराच घ्या, आणि शक्यतो चाचणीआधी, फॉर्म जमा करताना. खोलीत तो तुमच्या शेजारी बसणार नाही.

दुसऱ्या खात्यात अर्ज केला तर हे तिथे कळेल?

कळेल असं धरूनच चाला. आधी पॉलिग्राफ दिला होता का, कुठे, केव्हा, निकाल काय, हे बहुतेक ठिकाणी विचारतात, आणि खात्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण होते. एका ठिकाणी नापास होऊन दुसरीकडे पास झालेले उमेदवार असतात. पहिल्या खोलीत काहीही कबूल केलेलं नसलं की ते सोपं जातं.

स्थानिक पोलीस भरतीतही हेच नियम?

नाही. शहर आणि परगण्याच्या पोलिसांत राज्याचा कायदा चालतो आणि तो राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात नोकरीत असलेल्या पोलिसाला पॉलिग्राफची सक्ती करता येत नाही, पण भरतीच्या उमेदवाराला ते संरक्षण नाही. काही खाती पॉलिग्राफऐवजी आवाजातला ताण मोजणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा शास्त्रीय आधार पॉलिग्राफपेक्षाही कच्चा आहे. तयारी मात्र तीच: फॉर्म आणि तोंड यांचा मेळ.

एकदा पास झालो की सुटलो?

सीआयए, एनएसए यांसारख्या ठिकाणी नाही. नोकरीत असतानाही अधूनमधून बोलावतात, बरेचदा काही वर्षांच्या अंतराने. म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी भरलेल्या फॉर्मची प्रत फेकू नका. नंतरचे परदेश प्रवास, नवे परदेशी संपर्क, वारसाने आलेली मालमत्ता याच फाइलला तारखेनिशी जोडत जा आणि खात्याला वेळच्या वेळी कळवा.